फाटकाबाहेर अडणारा आणि परतताना सुसाट सुटणारा घोडा: कारण कसं शोधायचं, काय करायचं

फाल्गुनात ज्वारी-हरभऱ्याची काढणी उरकते, शिवारं मोकळी होतात आणि पाणंदीतून, बांधाकडेने घोडा फिरवायला ऐसपैस जागा मिळते. नेमकी याच दिवसांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. मैदानात गोल फिरवताना गुणी असलेला घोडा फाटकाबाहेर पडला की पाय रोवतो, मागे सरकतो, गर्रकन वळतो. कसाबसा दोन किलोमीटर नेला, तर परतीच्या वाटेवर लगाम ओढून पळत सुटतो. चाबूक ओढला की दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याला हट्टीपणा म्हणून मोकळं होणं सोपं असतं, आणि तिथेच गाडी अडते. अडणाऱ्या घोड्याला बहुतेक वेळा काहीतरी दुखत असतं, कशाची तरी भीती असते, किंवा स्वारानेच नकळत लावलेली सवय असते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पाठ दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावायला गेलात तर तो एक दिवस दोन पायांवर उभा राहील. म्हणून आधी निदान.

पुढच्या चार-पाच फेऱ्यांत फक्त नोंद ठेवा

घोडा कुठे अडला, निघाल्यापासून किती मिनिटांनी अडला, तेव्हा तोंड कुठल्या दिशेला होतं, पायाखाली काय होतं, सोबत दुसरा घोडा होता की नव्हता. एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवा. या काळात घोड्याशी झगडू नका. अडला तर उतरा आणि हाताने धरून पुढे न्या.

रोज त्याच वळणावर, त्याच विहिरीपाशी अडत असेल तर तिथे त्याला घाबरवणारं काही आहे, किंवा पूर्वी कधीतरी होतं. जागा रोज बदलते पण वेळ साधारण तीच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं झाली की अडतो, असं असेल तर संशय खोगीर, तंग (खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा) आणि पाठीवर घ्या. मातीच्या वाटेवर ठीक आणि मुरमाड वाटेवर किंवा उतारावर अडत असेल तर खूर बघा. फाटकातच अडत असेल तर सोबत्यांपासून तुटण्याची भीती. जाताना निमूट चालतो आणि तोंड घराकडे झालं की सुटतो, तर तो सवयीचा आणि दाणापाण्याचा मामला.

बऱ्याच घोड्यांमध्ये यातली दोन कारणं एकत्र असतात. तेव्हा क्रम एकच: आधी दुखणं, मग भीती, शेवटी सवय.

पाठ, तंग आणि खोगीर

अर्ध्या तासाच्या फेरीनंतर खोगीर काढलं की पाठ लगेच पुसू नका, आधी घामाची खूण बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंना खोगिराच्या गाद्यांचा ओला, सारखा ठसा आणि मधोमध कोरडी पट्टी, असं चित्र हवं. ओल्या ठशात हाताच्या पंज्याएवढं कोरडं बेट दिसलं, तर बहुधा तिथे एवढा दाब पडलाय की घामच सुटलेला नाही. याच जागी पुढे पांढरे केस येतात. बाजारातून घेतलेल्या घोड्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके असतील तर ती जुन्या जखमेची खूण आहे, आणि ती जागा आजही हळवी असू शकते.

मग कण्यापासून चार बोटं अंतर ठेवून, दोन बोटांनी मानेच्या बुडापासून कमरेपर्यंत एकसारखा दाब देत जा. माशी बसल्यासारखी कातडी एकदा थरथरली तर काही नाही. पण त्याच जागी दर वेळी पाठ खाली दबत असेल, कान मागे जात असतील, आणि दुसऱ्या बाजूला तसं होत नसेल, तर घोड्यावर बसू नका.

स्वार बसलेला असताना खोगिराची पुढची कमान आणि मान-पाठीच्या जोडावरचा उंचवटा यांत दोन ते तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मागे खोगीर शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये. थंडीत वजन वाढलेल्या घोड्याला दिवाळीत नीट बसणारं खोगीर फाल्गुनात बसेलच असं नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या नुसत्या चामडी गादीला मध्ये पोकळी नसते, आतला सांगाडा नसतो. तिला रिकिबी (पाय ठेवायची कडी) लावल्या की स्वाराचं सगळं वजन एका अरुंद पट्ट्यात येतं. मैदानात पंधरा मिनिटं हे निभावतं, दीड तासाच्या फेरीत निभावत नाही.

आता या ऋतूतली खास गोष्ट, जी सर्वांत जास्त वेळा निसटते. माळावरची कुसळी वाळली की तिची कुसळं खोगिराखालच्या जाजमात आणि तंगाच्या अस्तरात घुसतात. वरून काही दिसत नाही. तळहात उलट्या दिशेने फिरवला तरच टोचतात. घोडा उभा असतो तोवर टोच लागत नाही. तंग आवळला, घाम आला, जाजम दबलं की दर पावलाला टोचायला लागतं, आणि वीस मिनिटांनी घोडा उभा राहतो. जाजम रोज उलटं करून कडक उन्हात टाका, झटका, हाताने तपासा, कुसळं चिमट्याने उपसा. नुसत्या ब्रशने ती आणखी आत जातात. आठवड्यातून एकदा जाजम साध्या पाण्याने धुवा, म्हणजे घामाचा खार निघून जाईल.

तंग कोपरापासून साधारण चार बोटं मागे हवा. तो एका दमात आवळू नका: पहिल्यांदा नुसता टेकवा, दहा-बारा पावलं चालवून थोडा घ्या, बसण्याआधी शेवटचा. निघाल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. तंगाला हात लावताच चावायला धावणारा घोडा बहुधा जुन्या वेदनेचं सांगत असतो.

तोंड

सारंगखेडा, अकलूज किंवा माळेगावच्या बाजारातून आलेला घोडा अनेकदा नाचकामाला तयार केलेला असतो, आणि त्याच्या तोंडात काटेरी लगाम असतो. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी या लगामावर बंदी आहे. तो आजच काढून टाका. त्याजागी जोडाचा गुळगुळीत लगाम घाला. ओठांच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर जागा राहील इतक्या रुंदीचा घ्या. ओठांच्या कोपऱ्यांत फाटलं असेल तर ते भरेपर्यंत लोखंडच नको, मोरकीवर (लोखंडाशिवाय तोंडाला बांधायचा दोर) हाताने फिरवा.

दात वर्षातून एकदा पशुवैद्याकडून बघून घ्यायचे. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होत जाते, ती गाल-जीभ कापते. अर्धवट चावलेले कडब्याचे बोळे खाली पडलेले दिसणं, चंदी (दाण्याचा खुराक) खाताना मान वाकडी करणं, एकाच बाजूचा लगाम मानणं, या खुणा. पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक छोटा अर्धवट दात असतो, त्यावर लोखंड आपटलं की घोडा डोकं वर फेकतो.

खूर

जाण्याआधी आणि आल्यावर चारही खूर खोदून बघणं हे दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका. तळाच्या मऊ त्रिकोणी भागातून काळी, कुबट वासाची घाण निघाली तर तो भाग सडतोय. जागा कोरडी करा, नालबंदाला दाखवा. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला. नाल झिजलेला नसला तरी खूर वाढलेला असतो.

ज्वारी काढलेल्या रानात घोडा घालू नका. विळ्याने तिरकी कापलेली धसकटं सुरीसारखी असतात आणि खुराचा तळ भेदतात. बाभळीचा काटा किंवा खिळा घुसला, घोडा एकाएकी लंगडला, खूर गरम लागतोय, तर खिळ्याची जागा आणि खोली पशुवैद्याला कळणं महत्त्वाचं असतं. शक्य असेल तर तो येईपर्यंत खिळा तसाच ठेवा. चालताना आणखी आत जाणार असेल तरच काढा, आणि छिद्रावर खूण करून ठेवा. धनुर्वात घोड्याला फार चटकन होतो, त्यामुळे लसीची तारीख घरात लिहून ठेवलेली असावी.

पोट आणि चंदी

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. पहाटे रिकाम्या पोटी बाहेर काढला, दुडकीवर (हलक्या धावेवर) घेतला, की ते हिंदकळून वरच्या नाजूक भागाला लागतं. तंग आवळताना चिडणं आणि निघताना अडणं याचं हेही एक कारण आहे. निघण्याआधी अर्धा तास किलोभर कापलेला लसूणघास किंवा वाळलेलं गवत द्या. दाणा मात्र निघण्याआधी दोन तास नको.

दुसरी बाजू अशी की अनेक घोडे आठवड्याचे सहा दिवस बांधलेले असतात आणि हरभरा मात्र रोज तीन-चार किलो खातात. रविवारी बाहेर काढल्यावर ते उधळले तर त्यात नवल काय? साधारण ३५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला निदान ५ ते ७ किलो कोरडी वैरण मिळाली पाहिजे, तीही तीन-चार वेळा विभागून. चंदी कामाच्या मानाने. कमी करायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, कारण एकदम बदल केला की पोटशूळ उठतो. मीठ शंभर किलो वजनामागे रोज दहा ग्रॅम धरा.

जो घोडा कधी अडत नव्हता तो एकाएकी मरगळला, अंगात ताप आहे, पोटाखाली किंवा पायांना सूज आहे, तर रक्त तपासून घ्या. मोठ्या चावऱ्या माश्यांमधून पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग याच रीतीने सुरू होतो. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४.

फाटकापाशी अडत असेल तर

हे सोबत तुटण्याचं भय असतं, आणि ते पाठीवर बसून घालवता येत नाही. पहिला आठवडा घोडा मोरकीवर हाताने न्या. फाटकाबाहेर पन्नास पावलं जा, तिथे ठेवलेल्या पाटीतलं गवत खाऊ द्या, घोडा अस्वस्थ व्हायच्या आत परत या. दुसऱ्या दिवशी शंभर पावलं. अंतर वाढवण्याचा निकष एकच: आदल्या जागी तो मान खाली घालून खातोय का? मान वर, कान घराकडे आणि तोंडात घास तसाच धरलेला असेल तर आज तेवढंच पुरे.

मग शांत, जाणता घोडा सोबत घ्या. आधी तो पुढे, मग बरोबरीने, मग काही वेळ तुमचा पुढे. रोज एकाच घोड्यामागे नेलात तर नवी चिकटण निर्माण होते, म्हणून सोबती बदलत राहा.

अडल्या क्षणी स्वाराने काय करायचं

दोन्ही लगाम एकदम ओढू नका. पुढे जायला सांगताय आणि तोंडाने थांबवताय, असा गोंधळ झाला की घोडा मागे सरकतो किंवा वर उठतो. डावीकडे गर्रकन वळला तर उजवीकडूनच परत आणा, पूर्ण गिरकी घेऊ देऊ नका, कारण गिरकीत तो क्षणभर घराकडे तोंड करून चालतो आणि तेच त्याला हवं असतं.

तोंड पुढे आलं की क्षणभर थांबा. पाय थिजलेत, तर पुढे ढकलण्याऐवजी एका टाचेने मागचा भाग एक पाऊल बाजूला सरकवा. पाय सुटले की हलकी टाच. तेवढ्याने न चालल्यास टाचेमागे चाबकाचा नुसता स्पर्श, जरा थांबून पुन्हा. घोड्याने अर्धं पाऊल जरी पुढे टाकलं तरी टाच आणि लगाम त्याच क्षणी सैल. सगळी शिकवण या सैल सोडण्यात आहे. इथे एका सेकंदाचा उशीर झाला की घोड्याला कळतच नाही कशाचं बक्षीस मिळालं.

पुढचे पाय उचललेच तर पुढे झुका, लगाम सोडा, अयाळ धरा. त्या वेळी लगामाला लटकलं तर घोडा उलटा पडतो.

उतरलं की घोडा डोक्यावर बसतो, असं जुने स्वार सांगतात. उतरून घराकडे गेलात तर ते खरं आहे. उतरून हाताने पुढे नेलंत, अवघड जागा ओलांडली आणि पलीकडे पुन्हा मांड ठोकलीत, तर त्यात काही हरत नाही.

वाटेवरच्या भीतीच्या गोष्टी

वसंतात शिवार रोज बदलतं. काल मोकळं असलेल्या रानात आज चकाकता मल्चिंग पेपर, फटफट फिरणारं तुषार सिंचन, मळणी यंत्र, पाचटाचा धूर. शेवटच्या खेपा मारणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, त्यावरचे लाऊडस्पीकर. घोड्याला जवळजवळ चहूकडून दिसतं, पण कपाळासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. आणि लख्ख उन्हातून आमराईच्या दाट सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्याहून जास्त वेळ लागतो. सावलीच्या कडेवर अडला तर अर्धा मिनिट उभं राहू द्या. अनेकदा एवढंच लागतं.

बाकी ठिकाणी, ज्या अंतरावर कान टवकारले तिथेच थांबा. त्याच्या आत ढकलू नका, आणि पाठही फिरवू देऊ नका. मान खाली आली, ओठ चघळले, मोठा श्वास सोडला की चार पावलं पुढे. जवळून जाताना तोंड त्या वस्तूपासून किंचित दुसरीकडे वळवून, आतल्या टाचेने खांदा वाटेवर धरून जा. परतताना तीच वस्तू दुसऱ्या बाजूने दिसते आणि घोडा तिला नवी समजतो. त्यामुळे सराव दोन्ही दिशांनी हवा. मल्चिंगचा तुकडा तबेल्याच्या अंगणात अंथरून त्यावर चंदीची पाटी ठेवली तर चार-आठ दिवसांत ती भीती जाते.

धनगरांचा वाडा रानात बसला असेल तर लांबूनच हाक द्या, कुत्री आवरेपर्यंत थांबा आणि साध्या चालीने जा. पळालात की कुत्री मागे लागतातच. आग्या मोहोळाच्या झाडाखालून मात्र सरावाच्या नावाने कधी जाऊ नका. वाट बदला. माश्या उठल्याच तर थांबू नका, मोकळ्या रानाकडे सरळ दूर निघा.

नाचकाम शिकलेला किंवा बैलगाड्यांपुढे पळवलेला घोडा चैत्रातल्या जत्रेची हलगी ऐकली की थुईथुई सुरू करतो. त्याला ते काम वाटतं. अशा घोड्याला जत्रेच्या दिवसांत गावाकडची वाट नको. साधी चाल पक्की झाल्यावर, लांबून ऐकू येणाऱ्या वाद्यांपासून सुरुवात करा.

परतताना सुटत असेल तर

फाटकात खोगीर उतरतं, लगेच चंदी मिळते, आणि शेवटचा सपाट पट्टा दिसला की स्वार स्वतःच चौखूर सोडतो. घोडा हे दोन-तीन फेऱ्यांत शिकतो. उलटं शिकवायला महिना-दीड महिना जातो.

शेवटचे दोन किलोमीटर फक्त साधी चाल. कधी फाटक ओलांडून अर्धा किलोमीटर पुढे जा. कधी आल्यावर मैदानात दहा मिनिटं काम घ्या. खोगीर काढून घोडा अर्धा तास सावलीत उभा राहू दे, पाणी-गवत दे, मग चंदी. गेल्या वाटेने परत न येता वर्तुळासारखी वाट निवडा, म्हणजे नेमकं घराकडे कुठे वळलो हे त्याला ठरवता येत नाही.

वाटेत पावलं घाईची झाली की लगाम ताणून धरू नका. घोडा त्या ताणावर रेलून आणखी जोर करतो. एका हाताने घ्या, सोडा, पुन्हा घ्या. न ऐकल्यास आठ-दहा मीटरच्या वर्तुळात वळवून घराकडे पाठ करा आणि साधी चाल येईपर्यंत उलट्या दिशेने चाला. मग परत घराकडे. पहिल्या दिवशी हे दहा वेळा करावं लागेल, म्हणून तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा. डांबरी रस्त्यावर वर्तुळ नको, नाल घसरतात. पूर्ण सुटलाच तर एक मूठ अयाळीवर घट्ट रोवा, दुसऱ्या हाताने ओढा-सोडा करत नांगरट किंवा चढ गाठा. जास्त कडक लगाम घालून हे बरं होत नाही, वेदनेपासूनही घोडा पळतोच.

चैत्रात नऊ वाजता निघालेला घोडा अडला तर आधी ऊन आठवा. आठच्या आत परत येण्याची वेळ धरा. आल्यावर जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली आली नाही, तर फेरी त्याच्या दमापेक्षा मोठी झालीय.

स्वतःचे प्रयत्न कुठे थांबवायचे

पाठ, दात, खूर तपासून झाले, चंदी बेताची केली, सहा आठवडे नेमाने सराव केला आणि तरी फरक नाही, तर पुन्हा पशुवैद्य गाठा. जठरातले व्रण आणि सांध्यांचं दुखणं वरवर बघून कळत नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातून मुंबई किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवून घेता येतं. आणि जो घोडा सरळ दोन पायांवर उभा राहून तोल घालवतो, त्याच्यावर त्या दिवसापासून कुणीही बसायचं नाही, घरातल्या पोरांना तर जवळही फिरकू द्यायचं नाही. त्याला जाणत्या शिक्षकाच्या हाती द्या, आणि देताना वरची सगळी नोंद सोबत द्या: कुठे, किती मिनिटांनी, कुठल्या दिशेला.